२७६ आला कुठून?

अ‍ॅल्युमिनियम ६०६१-टी६ या मिश्रधातूची नोंद मोठ्या मटेरियल डेटाबेसमध्ये उघडा. यील्ड स्ट्रेंथ (ज्या ताणाला धातू कायमचा वाकायला लागतो) २७६ मेगापास्कल, टेन्साइल (ज्या ताणाला तो तुटतो) ३१० मेगापास्कल, मॉड्युलस (त्याचा ताठपणा) ६८.९ गिगापास्कल. २७५ नाही, २८० नाही, थेट २७६. आकडा एवढा नेमका, की कुणीतरी फार बारकाईनं मोजलंय असं वाटतं. खरं तर हे पीएसआयमधले, म्हणजे चौरस इंचावर किती पौंड या मापातले ठोकळ आकडे आहेत. यील्ड चाळीस हजार, टेन्साइल पंचेचाळीस हजार, मॉड्युलस चक्क एक कोटी. अमेरिकी तक्त्यातला गोल आकडा मेगापास्कलमध्ये बदलला आणि त्याला उगीचच अचूकतेचा मुलामा चढला.

अशा नोंदीत आकडा, नाव आणि भरवसा या तिन्ही गोष्टी शेजारीशेजारी बसलेल्या असतात, पण त्या तीन वेगळ्या काळांत, तीन वेगळ्या गरजांपोटी आल्या.

मोजणं आधी आलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लोखंड किती ताण घेईल याबाबत बव्हंशी बनवणाऱ्याच्या शब्दावर विसंबावं लागे. डेव्हिड किर्काल्डी या स्कॉटिश माणसानं स्वतःच्या खर्चानं चाचणीयंत्र बनवून घेतलं आणि १८६६ मध्ये लंडनच्या सदर्क भागात पैसे घेऊन कुणाचाही नमुना तपासून द्यायला सुरुवात केली. लीड्सच्या ग्रीनवुड अँड बॅटली कंपनीनं बांधलेलं ते आडवं, जलदाबावर चालणारं धूड दहा लाख पौंडांपर्यंत ओढू शकत होतं. १८७४ मध्ये ते ९९, सदर्क स्ट्रीटच्या नव्या इमारतीत गेलं. दारावर कोरलेलं वाक्य तिथं आजही आहे, ‘तथ्यं, मतं नव्हेत’. डिसेंबर १८७९ मध्ये टे नदीवरचा रेल्वेपूल वादळात कोसळला, तेव्हा त्याचे ओतीव लोखंडाचे तुकडे याच यंत्रावर आले. बिडाच्या खांबांवरचे, पट्ट्या अडकवायचे कान अपेक्षेपेक्षा बऱ्याच कमी भाराला तुटले. पुरवठादार सोडून तिसऱ्याच कुणी आकडा द्यावा, ही पद्धत अशा कामातून रुळली. आपण लॅबमधून आणतो त्या टेस्ट सर्टिफिकेटचे हे पूर्वज.

नावांचा गोंधळ जास्त चिवट. १८९८ मध्ये पेनसिल्व्हेनिया रेलरोडचे रसायनतज्ज्ञ चार्ल्स डडली यांच्या पुढाकारानं, पुढे एएसटीएम म्हणून ओळखली गेलेली, मानकं ठरवणारी संस्था उभी राहिली. कारण साधं होतं : रेल्वेवाला एक पोलाद मागायचा, पोलादाचा कारखानदार दुसरंच द्यायचा. पण मानक ठरलं म्हणून नाव एक झालं नाही. अल्कोआ या अमेरिकी कंपनीनं १९३५ मध्ये काढलेला, आपण सुरुवातीला पाहिलेला मिश्रधातू तेव्हा ६१एस होता. १९५४ मध्ये अमेरिकेत चार आकडी पद्धत आली आणि तो ६०६१ झाला. धातूंसाठी एक अक्षर आणि पाच आकड्यांची सामायिक पद्धत पुढे १९७०च्या दशकात आली, तिच्यात हाच ए९६०६१. भारतीय मानकात ६५०३२. धातू एक, नावं चार. डेटाबेसमधल्या शोधाच्या चौकटीत यातलं कुठलं टाकाल त्यावर काय सापडणार हे ठरतं.

आपल्याकडचा मासला तर आणखी गमतीचा. भोसरीत किंवा कोल्हापूरच्या शिरोलीत शाफ्टसाठी बार घ्यायला गेलात तर दुकानदार ‘ईएन-८’ किंवा ‘ईएन-२४’ म्हणणार. पोलादाच्या प्रकारांची ही नावं दुसऱ्या महायुद्धातली. पोलादांचे अतोनात प्रकार आवरण्यासाठी ब्रिटिशांनी १९४१ मध्ये बीएस ९७० या मानकात ही मालिका आणली. खुद्द ब्रिटननं ती १९७०च्या दशकात बदलली आणि ईएन-८ कागदोपत्री ०८०एम४० झालं. आपल्या ड्रॉइंगवर मात्र ते अजून ठाण मांडून आहे. त्यात आता युरोपीय मानकांच्या क्रमांकाआधीही ‘ईएन’च लागतं. त्यामुळे शोधताना भलतंच हाती येतं, किंवा ‘समतुल्य’ म्हणून सी४५ हे दुसरंच पोलाद समोर येतं. ते जवळचं आहे, तेच नव्हे. ईएन-८ मध्ये कार्बन साधारण ०.४ टक्के, सी४५ मध्ये ०.४५ च्या आसपास. वेल्डिंग करणाऱ्याला हा फरक विचारा.

भरवशाचा प्रश्न विमानांनी ऐरणीवर आणला. १९३७ पासून अमेरिकी लष्कर, नौदल आणि नागरी उड्डाण यांची, विमानाच्या भागांच्या बळाचे आकडे देणारी सामायिक पुस्तिका निघू लागली. १९५९ मध्ये ती लष्करी हँडबुक क्रमांक ५ झाली आणि २००३ पासून एमएमपीडीएस. या परंपरेनं घालून दिलेली शिस्त मला सगळ्यात मोलाची वाटते : आकड्यासोबत तो किती खात्रीचा हेही लिहायचं. ‘ए’ दर्जाचा आकडा म्हणजे किमान ९९ टक्के माल त्याच्या वर निघेल, आणि हे विधान ९५ टक्के विश्वासानं केलेलं. ‘बी’ दर्जात ९९ च्या जागी ९०. नुसती सरासरी तिथं चालत नाही, कारण सरासरी म्हणजे जवळजवळ निम्मा माल त्याच्या खालचा.

१९९०च्या दशकात हे तक्ते इंटरनेटवर आले. मॅटवेबसारख्या संग्रहात उत्पादकांची डेटाशीट आणि संस्थांचे तक्ते एकाच साच्यात ओतले गेले. शोध सोपा झाला, पण वेगवेगळ्या भरवशाचे आकडे एकाच टंकात, एकाच रकान्यात आले. नोंदीतला ‘टी६’ हा शेपटासारखा तुकडाही तितकाच महत्त्वाचा. तापवून, झटकन थंड करून, मग कृत्रिमरीत्या मुरवलेलं ६०६१ म्हणजे टी६. तोच धातू मऊ केलेल्या ‘ओ’ अवस्थेत असेल तर यील्ड ५५ मेगापास्कल, पाचपट कमी.

मॅटवेबमधल्या त्या २७६ च्या ओळीत उजवीकडे, कॉमेंट्सच्या रकान्यात, ‘एए, टिपिकल’ असं लिहिलेलं असतं. एए म्हणजे अ‍ॅल्युमिनियम असोसिएशन, टिपिकल म्हणजे नेहमी मिळणारा, हमी नसलेला. त्याच नोंदीतली टीप सांगते, की एए खूण असलेले आकडे डिझाइनसाठी नाहीत. टी६ पत्र्याला मानकानुसार हमीचं किमान यील्ड आहे ३५,००० पीएसआय, म्हणजे २४१ मेगापास्कल.