रक्तगट ते डीएनए : पितृत्व चाचणीची पार्श्वभूमी

वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात ‘डीएनए चाचणी करा’ असा अर्ज आला, की दीडशे वर्षांपूर्वीचा कायदा आणि जेमतेम चाळीस वर्षांचं विज्ञान समोरासमोर येतात.

कायदा १८७२चा. भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ११२ नुसार वैध विवाह टिकून असताना, किंवा तो संपल्यावर आईने पुन्हा लग्न केलं नसेल तर २८० दिवसांच्या आत जन्मलेलं मूल औरसच मानायचं. नवऱ्याला हे खोडायचं तर त्या काळात पती-पत्नीचा संबंध येणं शक्यच नव्हतं, हे सिद्ध करावं लागे. २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ११६ म्हणून हीच तरतूद आहे. मुलाच्या माथी अनौरसपणाचा शिक्का बसू नये हा तिचा हेतू, आणि माझ्या मते तो आजही तितकाच मोलाचा आहे.

डीएनएच्या आधी हाताशी होते ते रक्तगट. त्यांवरून फार तर ‘हा बाप असू शकत नाही’ एवढंच कळे. ‘हाच बाप’ हे कधीच नाही. आणि तो नकारही डोळे झाकून मानता येत नाही, हे दाखवून दिलं मुंबईने. १९५२मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे यांनी इथे शोधलेला रक्तगट आज जगभर ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणून ओळखला जातो. या माणसांच्या तांबड्या पेशींवर ‘एच’ हा पायाभूत घटकच नसतो. त्यामुळे अंगात ए किंवा बी गटाचं जनुक असलं, तरी नेहमीच्या तपासणीत गट ‘ओ’ येतो. आई ओ, वडील ओ आणि मूल बी, असा कागद हाती पडला की बोट थेट आईकडे वळणार. वडील बॉम्बे गटाचे असतील, तर मूल त्यांचंच असू शकतं! भारतात साधारण दहा हजारांत एक जण या गटाचा असतो.

सप्टेंबर १९८४मध्ये इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज यांना डीएनए फिंगरप्रिंटिंगची, म्हणजे डीएनएवरून माणसाची ओळख पटवण्याची वाट सापडली. पुढच्याच वर्षी घानाहून परतलेला एक मुलगा त्याच्या आईचाच आहे, हे त्यातून ठरलं. त्यानंतर लेस्टरशायरमधल्या दोन मुलींच्या खुनांचा तपास आला. एका खुनाची कबुली देऊन बसलेला तरुण निर्दोष असल्याचं डीएनएने दाखवलं, आणि खऱ्या गुन्हेगाराला १९८८मध्ये शिक्षा झाली. गुन्हेतपासात या तंत्राने आधी एका निरपराध्याला सोडवलं, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

भारतात हे काम हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेत डॉ. लालजी सिंग यांनी उभं केलं, तेही पट्टेरी मण्यार या सापाच्या डीएनएमधून मिळालेला प्रोब (जुळणारे तुकडे शोधून देणारा डीएनएचा तुकडा) वापरून. केरळातल्या तलश्शेरीच्या पितृत्वाच्या खटल्यात हा पुरावा आपल्याकडे पहिल्यांदा न्यायालयात टिकला.

आज बोलीभाषेत सगळ्यालाच सिक्वेन्सिंग म्हणतात, पण नेहमीच्या चाचणीत डीएनएची अक्षरं वाचली जात नाहीत. ठरावीक जागी चार-चार अक्षरांचा तुकडा किती वेळा आलाय, ते मोजतात. प्रत्येक जागी दोन आकडे मिळतात, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. एखाद्या जागी आईचे आकडे ९ आणि १२, मुलाचे १२ आणि १५ असतील, तर १५ बापाकडूनच यायला हवा. अशा वीसेक जागा तपासतात. एखादीच जुळली नाही तर तो उत्परिवर्तनाचा, म्हणजे डीएनएमध्ये आपोआप झालेल्या बदलाचा परिणामही असू शकतो. प्रत्यक्ष अक्षरं वाचावी लागतात ती जुन्या हाडांसाठी किंवा मूळ नसलेल्या केसासाठी, कारण तिथे बहुतेकदा मायटोकॉन्ड्रियाचाच (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागाचाच) डीएनए हाती लागतो.

मुंबईत पोलिसांकडचे नमुने कलिनाच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातात. सोबत रक्त देणाऱ्याचा फोटो लावलेला, डॉक्टरने साक्षांकित केलेला ओळख फॉर्म असतो. सील तुटलं किंवा फॉर्म अर्धवट राहिला, तर उत्तम यंत्रावर निघालेला रिपोर्टही उलटतपासणीत लंगडा पडतो.

न्यायालयं मात्र सावकाश वळली. रक्ततपासणीचा आदेश ऊठसूट देता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९३मध्ये बजावलं. २०१४मध्ये विदर्भातून गेलेल्या पोटगीच्या खटल्यात त्याच न्यायालयाने डीएनएच्या निष्कर्षाला कायद्याच्या गृहीतकापेक्षा वरचढ मानलं. पुढे २०२३मध्ये पुण्यातल्या एका घटस्फोटाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने कायम ठेवलेला चाचणीचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला: पत्नीचा व्यभिचार सिद्ध करायला अल्पवयीन मुलाचं रक्त वापरू नका, असं त्या निकालाचं सार. त्याच वर्षी २०१९चं डीएनए विधेयक सरकारने मागे घेतलं, आणि प्रयोगशाळांना मान्यता देण्यासाठी त्यात योजलेलं नियामक मंडळही त्यासोबत बारगळलं.