जैवसंवेदक, प्रतिपिंडाधारित विद्युत् रासायनिक (संप्रेरकांसाठी)

संप्रेरक (हॉर्मोन) ओळखणारे प्रतिपिंड (अँटिबॉडी) इलेक्ट्रोडवर बसवून, संप्रेरक व प्रतिपिंड यांची जुळणी विद्युत् प्रवाह, विभव (व्होल्टेज) किंवा रोध यांच्या रूपाने मोजणारे साधन.

याचा आरंभ कोठून धरावा, याबद्दल मतभेद आहेत. क्लार्क व लायन्स यांचा १९६२ मधील एंझाइम-इलेक्ट्रोड हा जैवसंवेदकांचा मूळपुरुष मानला जातो. पण त्यात प्रतिपिंड नव्हते. यॅलो व बर्सन यांनी १९६० च्या सुमारास प्रतिपिंडांच्या साहाय्याने इन्शुलिन मोजले, तेथे मोजणीसाठी रेणूला लावलेली खूण किरणोत्सर्गी होती, विद्युत् रासायनिक नव्हती. यानाटा यांनी १९७५ मध्ये ‘प्रतिरक्षा-इलेक्ट्रोड’ मांडला, मात्र त्याचा विषय संप्रेरक नव्हता. त्यामुळे १९७९ च्या सुमारास हाइनमन यांच्या गटाने एस्ट्रिऑल या स्त्री-संप्रेरकावर आणि आयझावा यांनी एचसीजी या गर्भावस्थेतील संप्रेरकावर केलेल्या कामापासून आरंभ धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

मोजणीची रीत रेणूच्या आकारावर ठरते. एचसीजी हे मोठे प्रथिन दोन प्रतिपिंडांच्या मध्ये धरता येते. दुसऱ्या प्रतिपिंडावर खूण म्हणून पेरॉक्सिडेज एंझाइम असते, त्याच्या क्रियेतून प्रवाह मिळतो आणि संप्रेरक वाढले की प्रवाह वाढतो. कॉर्टिसॉल (रेणुभार ३६२) किंवा प्रोजेस्टेरॉन (३१४) या लहान स्टेरॉइड संप्रेरकांवर दोन प्रतिपिंडांना जागाच नसते. तेथे नमुन्यातील संप्रेरक आणि खूण लावलेले संप्रेरक एकाच प्रतिपिंडासाठी झगडतात, म्हणून संप्रेरक जास्त तर प्रवाह कमी. शिवाय इतका लहान रेणू एकटा प्रतिपिंड निर्माण करवू शकत नाही. तो आधी एखाद्या प्रथिनाला जोडावा लागतो. जोड कोणत्या कार्बनावर दिली, यावर तो प्रतिपिंड रचनेने जवळच्या इतर स्टेरॉइडांना किती फसेल हे ठरते. आकड्याचा भरवसा येथेच जमतो किंवा जातो. इलेक्ट्रोड कितीही संवेदनशील असला तरी ही चूक तो दुरुस्त करू शकत नाही.

वनस्पतींच्या लहान रेणूंच्या संप्रेरकांनाही ही झगड्याचीच रीत लागू पडते. नाशिक जिल्ह्यात निफाड, दिंडोरीकडचे द्राक्ष बागायतदार ‘जीए’ म्हणजे गिबरेलिक अम्ल (रेणुभार ३४६; गिबरेलिन गटातील संप्रेरक) घडाच्या पोपटी अवस्थेत साधारण १० पीपीएम (दहा लाख भागांत १० भाग) फवारतात आणि मणी ३-४ मिमी. झाल्यावर ४० पीपीएमच्या आसपासच्या द्रावणात घड बुडवतात. या डिपिंगच्या द्रावणासाठी संवेदकाची गरज नाही, चांगला तराजू पुरतो. पानात मुळातच असलेले गिबरेलिन मात्र अत्यल्प असते, तेथे संवेदकाचा खरा उपयोग. द्राक्षपानाच्या अर्कातील पॉलिफेनॉले स्वतःच इलेक्ट्रोडवर ऑक्सिडीभूत होऊन खोटा प्रवाह देतात. म्हणून जुळणी झाल्यावर अर्क पूर्ण धुऊन काढावा लागतो आणि मगच विभव लावतात.