काळ्या काचांच्या आधी

पुण्या-नाशिकला नोकरीला गेलेली जळगाव-धुळ्याची पोरं दिवाळीला घरी आली की एक गाऱ्हाणं ठरलेलं. तिकडे म्हणे काचेमागे चकचकीत टाक्या दिसतात, बिअर तिथेच तयार होते आणि शेजारच्या टेबलावर कुटुंबं बिनधास्त जेवत असतात. आपल्याकडे मात्र ‘बसायचं का?’ म्हटलं की काळ्या काचांची परमिट रूम, नाहीतर हायवेवरचा ढाबा.

गाऱ्हाणं रास्त आहे. पण बनवणाऱ्याच्याच दारात बसून पिण्याची रीत खान्देशाला नवी नाही. ती मोडली गेली.

सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याच्या बाजूला, मोहाची फुलं मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात. ती वेचायची, वाळवायची, भिजत घालायची आणि आंबली की चुलीवर चढवून गाळायची. पहिली धार देवाला, मग पाहुण्यांना. लग्न असो की होळी, दारू घरची आणि जेवणही घरचंच. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने हे घरचं गाळणं सरकारी परवान्याखाली आलं. मक्ते लिलावाने जाऊ लागले आणि दारू मक्तेदाराच्या दुकानातून घ्यावी लागली. अंगणातल्या झाडाच्या फुलांसाठी कधी रोख पैसे लागले नव्हते. दुकानात ते लागले, आणि नसले की उधारी आली.

१९३० च्या दशकात तळोदा तालुक्यातल्या मोरवडच्या गुलाम महाराजांनी भिल्लांना दारू सोडायला सांगितलं, तेव्हा त्यामागे माणसं मोठ्या संख्येने का उभी राहिली, याचं एक उत्तर मला त्या उधारीच्या वहीत दिसतं. ही चळवळ नुसती धर्मसुधारणा म्हणून सांगितली जाते, ते अर्धंच खरं.

मग १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. १९६० मध्ये राज्याचे दोन भाग झाले, कायदा दोघांच्याही वाट्याला आला. गुजरातने तो घट्ट धरला, महाराष्ट्राने १९६० च्या दशकात परवान्यांची दारं किलकिली केली. नवापूरचं रेल्वे स्टेशन निम्मं इकडे, निम्मं तिकडे. एकाच फलाटावर एकाच कायद्याचे दोन अर्थ! आपल्याकडे आजही कागदोपत्री पिणाऱ्याच्या खिशात परमिट लागतं, बिअरला वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात. परमिट रूम हे नाव तिथलंच. परवानगी घेऊन, पण लपून प्यायची जागा. काचा काळ्या, ‘फॅमिली रूम’ची पाटी वेगळ्या दारावर. जेवण म्हणजे चखणा.

टाक्यांची कथा परदेशातली. अमेरिकेत १९७८ मध्ये घरी बिअर बनवायला केंद्रीय कायद्याने मुभा मिळाली. पुढे १९८२ मध्ये याकिमा या शेतीच्या गावात, हॉप्सच्या (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांच्या) मळ्यांच्या प्रदेशात, अमेरिकेतल्या दारूबंदीनंतरचा त्या देशातला पहिला ब्रूपब, म्हणजे बिअर जागेवरच बनवून पाजणारं ठिकाण, उघडला. म्हणजे मुळात हे महानगराचं फॅड नव्हतं. भारतात ती लाट २००८ च्या सुमारास गुडगावात पोचली, २००९ मध्ये पुण्यात.

खान्देशात अडचण उन्हाची. जवाचं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव, साधारण ६५ अंशांच्या पाण्यात भिजवून गोड रस काढतात, हॉप्स घालून उकळतात, गार करून यीस्ट, म्हणजे आंबवणारी सूक्ष्म बुरशी, सोडतात. एल प्रकारची बिअर २० अंशांच्या आसपास आंबते, लागर त्याहून बरीच थंडीत. भुसावळच्या मे महिन्यात बाहेर पारा ४५ गाठतो तेव्हा टाक्या गार ठेवायला अखंड वीज हवी. शिवाय ही बिअर सहसा पाश्चराइज केलेली नसते. ती ताजीच संपावी लागते, आणि त्यासाठी रोज गिऱ्हाईक हवं. हायवेच्या गिऱ्हाइकाचा भरवसा किती, हे सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१६ च्या निकालाने दाखवून दिलं. महामार्गापासून ५०० मीटरच्या आतले बार एप्रिल २०१७ मध्ये बंद झाले. शहरहद्दीतल्यांना त्याच वर्षी जुलैत सूट मिळाली.

एक गंमत मात्र रावेर-यावलच्या माणसाने चाखून बघावी. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला पिकल्या केळीचा वास येतो. केळ त्यात नसतं, ती यीस्टची करामत. शेवभाजीच्या काळ्या मसाल्यापुढे हीच बिअर बरी. कडू हॉप्सवाली घेतली तर तिखट आणखी चढतं.

मोहाची फुलं वेचण्या-साठवण्यावरचे निर्बंध राज्याने २०२१ मध्ये उठवले. काचेमागे टाक्या लावायला परवाना मिळतो, धडगावच्या चुलीवर मोह गाळणं अजून गुन्हाच आहे.