डबल प्ले: श्रेय पिचरचं किती?

बेसबॉलचा सामना. पहिल्या बेसवर धावपटू आहे, एक गडी आउट आहे आणि पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, सिंकर (शेवटी खाली उतरणारा चेंडू) टाकतो. बॅटरच्या गुडघ्यापाशी येता येता चेंडू आणखी खाली उतरतो. बॅट चेंडूच्या माथ्यावर बसते आणि तो जमिनीवरून शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या फील्डरकडे, जातो. तिथून सेकंड बेस, मग फर्स्ट बेस. बॅटरला ९० फूट धावायला साधारण सव्वाचार सेकंद लागतात. तेवढ्यात दोन्ही थ्रो पोहोचले की धावपटू आणि बॅटर दोघे आउट. हाच डबल प्ले.

यात पिचरचा वाटा किती? पूर्वी श्रेय सरळ फील्डरांना मिळायचं. १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात शिकागो कब्ज संघाच्या टिंकर, एव्हर्स आणि चान्स या फील्डरांवर छोटीशी कविता आली आणि ती इतकी गाजली की १९४६ मध्ये तिघांची हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलच्या सन्मान दालनात) निवडही एकत्रच झाली. पिचरचा त्या कवितेत उल्लेखही नाही. अमेरिकेतल्या दोन मुख्य लीगपैकी नॅशनल लीगने १९३३ पासून आणि अमेरिकन लीगने १९३९ पासून ग्राउंड बॉलवरच्या (जमिनीवरून गेलेल्या चेंडूवरच्या) डबल प्लेचा अधिकृत हिशेब ठेवला, तोही बॅटरच्या खात्यात.

नुसती बेरीज मात्र फसवी असते. १९४९ मध्ये फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्सने २१७ डबल प्ले केले. हा एका मोसमातला विक्रम, तरीही संघ पाचवा आला. डबल प्लेसाठी आधी पहिल्या बेसवर कुणीतरी लागतं. म्हणजे वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे फुकट मिळालेला पहिला बेस) आणि सिंगल (पहिल्या बेसपर्यंतचा फटका) जास्त देणाऱ्या पिचरला संधीही जास्त. म्हणून मोजायचं तर दर संधीमागे मोजायला हवं: पहिल्या बेसवर धावपटू आणि दोनपेक्षा कमी आउट. त्यासाठी प्रत्येक खेळीची नोंद लागते. डेव्हिड स्मिथ यांनी १९८९ मध्ये सुरू केलेल्या रेट्रोशीट या प्रकल्पाने जुन्या सामन्यांच्या स्कोअरशीट गोळा करून ती मिळवून दिली. हे काम मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाचं वाटतं.

२००१ मध्ये बेसबॉलचे आकडे अभ्यासणाऱ्या व्होरोस मॅकक्रॅकन यांच्या लेखाने खळबळ उडवली. बॅटला लागून मैदानात राहिलेल्या चेंडूवर हिट मिळणार की नाही, म्हणजे बॅटर फटक्यावर सुखरूप बेस गाठणार की नाही, हे पिचरच्या हातात फारच थोडं असतं, असं त्यांचं म्हणणं होतं. मग डबल प्लेही नशिबाचाच का? तसं नाही. चेंडू जमिनीवरून जाणार की हवेत, यावर पिचरचा ताबा असतो आणि त्याचं ग्राउंड बॉलचं प्रमाण वर्षानुवर्षं बरंच टिकतं. टॉमी जॉन, डेरेक लो, ब्रँडन वेब हे सगळे सिंकरवाले. त्यांचं कौशल्य खरंच होतं, पण ते ग्राउंड बॉल काढण्याचं. ‘गरज पडली की डबल प्ले काढतो’ असं एखाद्याबद्दल कौतुकाने म्हणतात, तेव्हा मी आधी त्याचं एरवीचं ग्राउंड बॉलचं प्रमाण बघतो. बहुतेक उत्तर तिथेच मिळतं. उरलेला फरक शॉर्टस्टॉपचा हात, बॅटरचा वेग आणि मैदान यांत वाटला जातो.

शिवाय नियमही बदलतात. २०१६ पासून सेकंड बेसवर फील्डरला पाडण्यासाठी वाट सोडून घसरणाऱ्या धावपटूमुळे बॅटरलाही आउट देतात. त्यामुळे वेगवेगळ्या काळांतल्या पिचरांची तुलना करताना डबल प्लेचा दर त्या त्या मोसमाच्या सरासरीशीच ताडून पाहावा लागतो.