हँडबॉलची ‘अव्वल श्रेणी’: थोडी पार्श्वभूमी

जून 2023 मध्ये जयपूरला पुरुषांच्या व्यावसायिक हँडबॉल लीगचा पहिला मोसम सुरू झाला, तेव्हा बेळगावात शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. रात्री मोबाइलवर सामना पाहिलेली पोरं सकाळी मैदानावर येऊन विचारायची, "सर, यात आपली टीम कुठली?" सहा संघांत कर्नाटकाच्या नावाचा एकही नव्हता, महाराष्ट्राच्या नावाचा होता. सीमाभागातल्या मराठी घरांत मग फार विचार करावा लागला नाही. 25 जूनला त्या संघाने उत्तर प्रदेशाच्या संघाला 38-24 असं हरवून विजेतेपद मिळवलं, तेव्हा इथेही आनंद झाला. मलाही झाला.

लीगची घोषणा 2020 सालची, पण कोविडमुळे सामने लांबत गेले. त्याआधीचं थोडक्यात सांगतो. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये हा खेळ उघड्या मैदानावर अकरा-अकरा जणांत झाला. आज आपण खेळतो तो सात जणांचा इनडोअर प्रकार 1972 ला म्युनिकमध्ये ऑलिंपिकमध्ये आला. त्याच वर्षी आपल्याकडे राष्ट्रीय संघटना उभी राहिली. 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत हँडबॉल पहिल्यांदा खेळवला गेला.

खरा गुंता आहे तो ‘देशातली अव्वल श्रेणी’ या शब्दांत. बातम्यांत ते सर्रास येतात आणि पालकही तेच वाचून माझ्याकडे येतात. श्रेणी म्हटली की तिच्या खाली दुसरी श्रेणी हवी, आणि एकीतून दुसरीत जायची वाट हवी. जर्मनीत ती आहे. तिथली हँडबॉलची राष्ट्रीय लीग, बुंडेसलीगा, 1966 मध्ये उत्तर आणि दक्षिण अशा दोन गटांत सुरू झाली, 1977 पासून सगळे संघ एकाच गटात आले. आज त्यात 18 संघ आहेत. मोसमाच्या शेवटी तळाचे दोन खाली जातात, खालच्या श्रेणीतले दोन वर येतात. एकच गट झाला त्या पहिल्याच मोसमात विजेता ठरला तो माइन नदीकाठच्या ग्रोसवालश्टाटचा संघ. हे चारेक हजार वस्तीचं गाव, आपल्या खानापूर तालुक्यातल्या एखाद्या गावाएवढं. या गावाने ओळीने चार वर्षं, 1978 ते 1981, देशाचं विजेतेपद राखलं आणि 1979 व 1980 ला युरोपचा चषकही नेला. लेम्गो हे गाव निपाणीहून लहान. तेही 1997 आणि 2003 ला विजेतं झालं.

जयपूरच्या लीगमध्ये संघ मालकांनी घेतलेले होते. सहावा आलेला संघ कुठे खाली जाणार नव्हता, कारण खाली काही नव्हतंच. कुठल्या गावाचा क्लब जिंकत जिंकत वर येईल अशीही सोय नव्हती. म्हणून तिला व्यावसायिक लीग जरूर म्हणावं, देशातली पहिली म्हणूनही कौतुक करावं. ‘श्रेणी’ हा शब्द मात्र मला तिथे पटत नाही. शिवाय साखळीतल्या सामन्यांपासून अंतिम सामन्यापर्यंतचे सगळे 33 सामने जयपूरलाच झाले. खर्चाच्या दृष्टीने ते समजण्यासारखं आहे, पण महाराष्ट्राचा म्हणवणारा संघ त्या मोसमात महाराष्ट्रात एकही सामना खेळला नाही. नाव राज्याचं आणि मैदान दुसऱ्याचं, हे आम्हा सीमाभागातल्या लोकांना जरा जास्तच टोचतं.

मैदान मात्र सगळीकडे तेच. आमच्या लाल मातीवर गोलसमोरच्या क्षेत्राची रेघ आखताना गोलच्या खांबाशी सुतळीचं टोक धरतो, सहा मीटरवर गाठ मारतो आणि एक पोरगा फक्की सोडत पाव वर्तुळ फिरतो. दुसऱ्या खांबाकडूनही तसंच, आणि मध्ये तीन मीटरची सरळ रेघ. जयपूरची रेघ याच मापाची, जर्मनीतलीही.

वर जायची वाट मात्र वेगळी. आपल्याकडे ती शाळेतून निघते: तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. त्यातही महसुली जिल्हा एक असला तरी शिक्षण खात्याचे दोन, बेळगाव आणि चिक्कोडी. त्यामुळे खानापूरचा मुलगा बेळगावकडून खेळतो, निपाणीचा चिक्कोडीकडून, आणि दोघं एका संघात येतात ते थेट विभागाच्या निवडीत. पुढे राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धा. तिथे चमकला तर सैन्यदल, रेल्वे किंवा पोलिसांत खेळाडू म्हणून नोकरी. इथल्या आईबापांच्या डोळ्यांसमोर आजवर हीच वाट राहिली आहे, आणि पगार मिळतो या अर्थाने तेच खरे व्यावसायिक खेळाडू. राष्ट्रीय स्पर्धेतून पुढे लीगमध्ये जायचं तर मात्र सामना जिंकून जाता येत नाही, एखाद्या संघाने निवडावं लागतं.