वाफेवर वळणारं लाकूड

वाकवताना लाकूड मोडतं ते बहुतेक वेळा बाहेरच्या अंगाने. आधी एखादा रेषा उचकटतो, मग कडकड आवाज येतो आणि फळीची लांबच लांब चिरफळी निघते. लाकडी होड्या बांधणाऱ्या प्रत्येकाने हा आवाज ऐकलेला असतो. तो टाळायचा तर वाकवण्याआधी लाकूड ज्यात तापवतात त्या वाफेच्या पेटीत त्याचं काय होतं, हे समजून घ्यायला हवं.

लाकूड म्हणजे सेल्युलोजचे लांब, चिवट तंतू आणि त्यांना एकमेकांशी जखडून ठेवणारं लिग्निन. लिग्निन तापलं की मऊ होतं. कोरड्या लाकडात त्यासाठी बरंच जास्त तापमान लागतं, पण आत ओल असेल तर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास काम होऊन जातं. तंतू तसेच राहतात, त्यांच्यामधली पकड मात्र सैल होते आणि ते एकमेकांवरून किंचित सरकू शकतात. थंड झाल्यावर लिग्निन पुन्हा घट्ट होतं आणि नवा आकार टिकतो.

वाफ लाकडात पाणी भरते आणि म्हणून ते वाकतं, असा समज सर्रास आढळतो. खरं काम उष्णतेचं आहे. लागणारी ओल लाकडात आधीपासूनच असावी लागते. वाफ उष्णता आत पोहोचवते आणि तापताना लाकूड सुकू देत नाही. म्हणूनच उघड्या हवेत वाळलेलं किंवा ताजं कापलेलं लाकूड चांगलं वळतं आणि भट्टीत सुकवलेलं दगा देतं. ते नंतर पाण्यात भिजत घातलं तरी फारसा उपयोग होत नाही.

पेटीला दाबाची गरज नसते. उलट वाफ आणि साचलेलं पाणी बाहेर पडायला भोक ठेवावंच लागतं, नाहीतर ती फुटू शकते. वेळेचा ढोबळ हिशेब असा: दर २५ मिलिमीटर जाडीला एक तास. लाकूड उष्णता फार सावकाश आत जाऊ देतं, म्हणून इतका वेळ. पण जास्त वेळ ठेवलं तर अधिक मऊ होईल, ही आशा चुकीची. फार शिजलेलं लाकूड ठिसूळ होतं.

आता मला सगळ्यात सुंदर वाटणारा भाग. २५ मिलिमीटर जाडीची पट्टी अर्धवर्तुळात वळवा. आतल्या बाजूची त्रिज्या २५० मिलिमीटर असेल तर आतली कड सुमारे ७८५ मिलिमीटर भरते आणि बाहेरची ८६४. एकाच पट्टीच्या दोन अंगांत जवळजवळ ८ सेंटीमीटरचा फरक! तो भरून कुठून काढायचा? वाफवलेलं लाकूड ताणलं तर जेमतेम एक-दोन टक्के लांबतं, पण रेषांच्या दिशेने दाबलं तर चांगल्या जातीचं लाकूड २५ टक्क्यांपर्यंत आखडतं. म्हणजे बाहेरचं अंग ताणू न देता आतलं अंग दाबायचं. बाहेरून पोलादी पट्टी लावतात आणि तिच्या दोन टोकांच्या ठोकळ्यांत लाकूड घट्ट बसवतात. ताण पट्टी घेते, लाकूड आतल्या आत दाटत जातं. फर्निचर बनवणारे मायकेल थोनेट यांनी हीच युक्ती बीचच्या लाकडावर वापरली आणि १८५९ मध्ये त्यांची १४ क्रमांकाची प्रसिद्ध खुर्ची तयार झाली. ओकवर मात्र ही पट्टी निळे-काळे डाग पाडते, कारण लाकडातल्या टॅनिनची ओल्या लोखंडाशी अभिक्रिया होते.

सगळीच झाडं अशी वळत नाहीत. ओक, अॅश, एल्म आणि बीच उत्तम. देवदार-पाइनसारखी सूचिपर्णी लाकडं त्या मानाने हट्टी. आणि जात कुठलीही असो, रेषे पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग धावायला हवेत. मध्येच कडेला बाहेर पडणारा रेषा दिसला की तो तुकडा मी बाजूला ठेवतो. कितीही वाफवला तरी तो तिथेच उकलणार.

होडीच्या बरगड्या बारीक असतात, त्यामुळे बहुधा पोलादी पट्टीवाचूनच भागतं. पण घाई करावी लागते. पेटीतून काढलेली बारीक बरगडी मिनिटाच्या आत ताठर होऊ लागते. जाड हातमोजे घातलेला एक जण ती गुडघ्यावर हव्या त्याहून थोडी जास्तच वाकवून होडीत उतरवतो, पायाने तळाशी रेटतो, दुसरा बाहेरून शिकंजे आवळतो. जास्त वाकवलेली बरगडी उलगडू पाहते आणि फळ्यांना आतून घट्ट टेकते. मग एकामागून एक तांब्याचे खिळे बसतात, आणि बरगडी गरम असतानाच फळ्यांना जखडली जाते.