अमेरिकी स्टेशन वॅगन आणि डिझेलचा डाव: पार्श्वभूमी

अमेरिकी स्टेशन वॅगनची, म्हणजे छत थेट मागेपर्यंत नेलेल्या लांब कौटुंबिक मोटारीची, गोष्ट लाकडी बॉडीपासून सुरू करायची रीत आहे. पण १९४९ पर्यंत पूर्ण पोलादी वॅगन बाजारात आल्या होत्या आणि त्यानंतर काही वर्षांतच दारांवरचं ‘लाकूड’ म्हणजे चिकटवलेलं विनाइल उरलं. इंजिनांपुरतं बोलायचं तर तो काळ ओलांडून थेट १९७१ला आलेलं बरं.

जनरल मोटर्सच्या त्या वर्षीच्या ब्यूक इस्टेट, ओल्ड्समोबिल कस्टम क्रूझर, शेव्हरोले किंग्जवुड या वॅगनची मागची काच वर छतात सरकायची आणि खालचा दरवाजा फरशीखाली. दरवाजा उघडायला गाडीमागे जागाच लागत नसे. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ आणि धूळ खोबणीत गेली की मात्र सगळं अडकायचं. एवढी यंत्रणा आणि सव्वादोन टनांच्या आसपासचं वजन ओढायला साडेसात लिटरपर्यंतचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन मिळे. शेव्हरोलेच्या ४५४ घनइंची इंजिनाची अश्वशक्ती १९७१ला ३६५ आणि १९७२ला २७० छापली गेली. लोकांनी प्रदूषणाच्या नियमांना शिव्या घातल्या. खरं तर एअर क्लीनर, सायलेन्सर वगैरे जोडून मोजायची नवी पद्धत आली होती. त्या पद्धतीने १९७१चाही आकडा २८५च निघतो.

१९७३च्या तेलटंचाईनंतर कायदा झाला: १९७८पासून उत्पादकाच्या सगळ्या मोटारींची सरासरी गॅलनला १८ मैल, १९८५पर्यंत साडेसत्तावीस. १९७७ला मोठ्या वॅगन आखूड आणि हलक्या झाल्या, तरी सरासरी खाली ओढणाऱ्या त्याच. मग १९७८ला ओल्ड्समोबिलचं ५.७ लिटरचं व्ही-८ डिझेल आलं. अश्वशक्ती १२०, म्हणजे चढावर घाई करणाऱ्याने वाटेला जाऊ नये अशी. वॅगनवाल्यांनी ते तरीही घेतलं, कारण मायलेज खरोखर चांगलं होतं.

‘पेट्रोल इंजिनालाच डिझेल म्हणून विकलं’ हा त्याच्यावरचा कायमचा आरोप अर्धाच खरा आहे. ब्लॉकचं (सिलिंडर असलेल्या मुख्य सांगाड्याचं) ओतकाम जाड होतं, क्रँकची (इंजिनातल्या फिरत्या दांड्याची) मुख्य बेअरिंगं मोठी होती. पुढे शर्यतवाले हेच ब्लॉक शोधून त्यावर पेट्रोल इंजिनं बांधू लागले, यातच त्याच्या मजबुतीचा दाखला आला. घोडं पेंड खाल्लं ते हेडच्या, म्हणजे ब्लॉकवरच्या झाकणाच्या, बोल्टांपाशी. कारखान्यातली यंत्रं बदलावी लागू नयेत म्हणून पेट्रोल इंजिनाचीच मांडणी ठेवली: एका हेडला दहा बोल्ट. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधली हवा किती पट दाबायची ते, मात्र २२.५ला १. बोल्ट ताणले जात, हेड आणि ब्लॉकमधलं गॅस्केट (सील) उडे, कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी सिलिंडरमध्ये शिरे. आणि पाणी काही दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकत. पेट्रोलवर हात बसलेले मेकॅनिक गॅस्केट नवं टाकून बोल्ट जुनेच आवळत, की काही महिन्यांत गाडी पुन्हा दारात. त्यातच इंधनातलं पाणी वेगळं करणारा सेपरेटर काटकसरीत गाळलेला. तेव्हाच्या डिझेलमध्ये पाणी असायचंच; ते पंपाला आणि इंजेक्टरला गंजवी.

इंजिन करणाऱ्यांपेक्षा खर्च कापणाऱ्यांचा दोष मोठा, असं माझं मत. १९८१च्या सुमाराला सुधारित ब्लॉक आला, पण तोवर मालक कोर्टात पोचले होते. कित्येकांनी डिझेल काढून त्याच जागी पेट्रोल व्ही-८ बसवलं. ते जवळपास जसंच्या तसं बसे. १९८५ला उत्पादन थांबलं. आपल्याकडे डिझेल म्हटलं की टिकाऊपणा आठवतो. अमेरिकेत मोटारींच्या डिझेलचं नाव पुढची कित्येक वर्षं खराब राहिलं.

दरम्यान १९८४च्या मॉडेलपासून मिनीव्हॅन आली. नियमांच्या भाषेत ती हलका ट्रक, म्हणून तिला सरासरीची अट सैल. वॅगन मात्र मोटारच. कुटुंबं तिकडे वळली यात नवल नाही.

शेवटच्या खेपेला, १९९४ ते ९६, ब्यूक रोडमास्टर आणि शेव्हरोले कॅप्रिसच्या वॅगनना २६० अश्वशक्तीचं एलटी-१ हे पेट्रोल व्ही-८ मिळालं. मागे तोंड करून बसायची तिसरी रांग तशीच होती, रोडमास्टरच्या दारांवर खोटं लाकूडही. डिस्ट्रिब्युटर (सिलिंडरांना ठिणगी वाटणारा भाग) मात्र नेमका वॉटर पंपाच्या खाली बसवलेला. पंप गळला की इग्निशनची वाट. १९९६ अखेर या वॅगन बंद झाल्या आणि टेक्सासमधल्या आर्लिंग्टनचा कारखाना जास्त नफा देणाऱ्या ट्रक-एसयूव्हींसाठी मोकळा करण्यात आला.